घोडीचं उसनं

तिला खरारा हे नाव कसं पडलं, यावर गल्लीत दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, ती घोड्यांना खरारा करते म्हणून. दुसऱ्या तटातल्या लोकांना तिच्याशी एकदा तरी बोलावं लागलेलं आहे. घोड्याच्या अंगावरचा मळ काढायची ती दातेरी लोखंडी फणी असते, तशीच हिची जीभ. फिरली की धूळ तर जातेच, बरोबर थोडी सालही जाते. दूधवाला हिच्या दारात माप काठोकाठ भरतो आणि त्याची कसर पुढच्या दारांत काढतो. पुढच्या दारांची त्यावर तक्रार आहे, पण ती दूधवाल्याकडे करायची की खराराकडे, हे अजून ठरत नाही.

नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, तोंडाला कुलूप. लोक म्हणतात, बिचारा. खरारा म्हणते, "बिचारा कसला? मी बोलते म्हणून त्याचे बोलायचे कष्ट वाचतात."

तर ही खरारा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी. बायकांनी मोतद्दारी करावी का, असं सुरुवातीला एकाने विचारलं होतं म्हणतात. तो पुढे दुसऱ्या खात्यात बदलून गेला. वस्ती संपते तिथे एक लांबलचक भिंत आहे, भिंतीमागे औषधांचा कारखाना आणि कारखान्याच्या मागच्या अंगाला तबेला. तिथले घोडे पळत नाहीत, गाड्या ओढत नाहीत. त्यांचं काम रक्त देण्याचं. धनुर्वाताच्या जंतूंचं विष निकामी करून ते घोड्याला थोडं थोडं टोचतात. घोड्याचं अंग त्याच्याशी झुंजायला शिकतं आणि रक्तात उतारा तयार होतो. मग बेताचं रक्त काढायचं, त्यातून सीरम वेगळं करायचं, बाटल्यांत भरायचं. कुणाचा पाय गंजक्या खिळ्यावर पडला, जखम घाण झाली, की डॉक्टर ती बाटली मागवतात. कारण धनुर्वात म्हणजे सर्दी-पडसं नव्हे. जबडा मिटतो तो उघडत नाही, पाठ कमानीसारखी ताणली जाते, आणि माणूस पूर्ण शुद्धीत राहून हे सगळं सोसतो.

खराराच्या ताब्यात चिमणी. नाव ठेवणाऱ्याला विनोद करायचा होता, कारण तबेल्यातली सगळ्यांत थोराड घोडी तीच. तिने घमेल्यावर पाय ठेवला तर घमेल्याची थाळी होते. रक्त मात्र असं कसदार, की तिच्या एकटीच्या सीरमवर दोन घोडे निवांत चंदी खात बसले असते. अडचण एकच. रक्त काढायला घोडी लाकडी चौकटीत उभी करतात, तेव्हा खरारा कानाशी हवी. ती नसली तर चिमणी चौकट मोडते. एकदा खरारा तापाने घरी होती, तर चिमणीने चौकटीबरोबर एका गड्याची बरगडीही मोडली. तेव्हापासून मुकादम अधूनमधून म्हणायचा, "मावशी, तू आहेस तोवर ही घोडी. तू नसलीस की हिला बाजार दाखवायचा."

"मी कुठे जातेय?" खरारा म्हणायची. "तुला पोचवूनच जाईन."

आता तिच्या घमेंडीची गोष्ट. तरुणपणी, तबेल्यात नवी लागली तेव्हा, नालेचा एक जुना खिळा तिच्या पायाच्या तळव्यात आरपार घुसला होता. कारखान्याच्या दवाखान्यात तिला सीरम टोचलं. त्या वेळी तबेल्यात एक पांढरी घोडी होती, तिचं सीरम. 'पुढच्या महिन्यात लशीला या' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती कसली जाते! खरारा वाचली आणि त्या दिवसापासून तिच्या अंगात घोडी शिरली. ताप उतरला तर घोडीने उतरवला. भांडण जिंकलं तर घोडीने जिंकलं. गल्लीत लशीची गाडी आली तेव्हा आम्ही सगळे बाह्या वर करून रांगेत, आणि ही पिशवी हलवत पलीकडून चाललेली. कुणीतरी हाक मारली, तर म्हणाली, "ते तुम्हा माणसांसाठी."

असा सगळा थाट चालला होता, तोवर तबेल्यात घोड्यांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. काडीसारखी अंगकाठी, आवाज कधी चढवायच्या नाहीत. खराराची पंचाईत तिथेच झाली. समोरचा ओरडला तर तिला काय करायचं ते माहीत असतं.

बाईंनी आल्या आल्या नियम काढला. ज्याने धनुर्वाताची लस घेतली नाही, त्याने नव्या महिन्यापासून तबेल्यात पाऊल टाकायचं नाही. धनुर्वाताचा जंतू घोड्याच्या लिदीत असतो, मातीत असतो, आणि गड्यांचे हातपाय दिवसभर त्यातच. लस घेऊन तयार होईपर्यंत बाटल्या धुवायच्या खोलीत काम करायचं.

लस न घेतलेले गडी निम्म्याहून जास्त निघाले. कुणाला वेळ नव्हता, कुणाला सुईची भीती होती, पण भीती कोण कबूल करतो? सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, "मावशी घेईल, तर आम्ही घेऊ." आणि निवांत झाले. खराराच्या पाठीमागे लपायला भरपूर जागा आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई थेट चिमणीच्या ठाणापाशी आल्या. खरारा घोडीचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होती. ती उठली नाही.

"मावशी, तुमची लस राहिलीय."

"राहिली नाही. मला लागत नाही."

"का बरं?"

"माझ्यात घोडी आहे."

बाईंनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठल्या बाजूला?"

गडी फिस्सकन हसले. मुकादमाने खोकल्याचं सोंग केलं. खराराने खूर खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि उभी राहिली. "हसू नका, बाई. घोडीचं सीरम आहे या अंगात. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून आहे. खोटं वाटत असेल तर माझं रक्त तपासा. चिमणीचं तपासता तसंच. जोर निघाला, तर तुमचा नियम माझ्यापुरता फाडायचा."

"आणि नाही निघाला तर?"

"निघणारच."

"पण नाही निघाला तर?"

"तर या चौकटीत उभी राहीन, घोडीसारखी, आणि सगळ्यांदेखत टोचून घेईन. झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

"घोडामैदान जवळच आहे, मावशी," मुकादम म्हणाला.

"तू त्या मैदानातली लीद उचलायला ये," खरारा म्हणाली.

कारखान्याच्या डॉक्टरांनी तिचं रक्त घेतलं तेव्हा तिने हात असा पुढे केला, की जणू रक्त द्यायला नव्हे, बक्षीस वाटायला आली आहे. सुई शिरताना पापणी हलली नाही. सुईशी तिचं वैर नव्हतंच कधी. गल्लीत बातमी पोचली आणि निकाल लागेपर्यंत आम्हाला दुसरा विषय उरला नाही. अर्धी गल्ली खराराच्या बाजूने होती. उरलेल्या अर्ध्या गल्लीला दुधाचं माप कमी मिळत होतं.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः तबेल्यात आल्या.

"काही नाही निघालं, मावशी."

"काही नाही म्हणजे थोडं?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही. शून्य."

"मशीन बिघडलं असेल."

"त्याच मशीनवर त्याच सकाळी चिमणीचं रक्त तपासलं. तिचा जोर इतका निघाला, की पातळ करून पुन्हा तपासावं लागलं."

खरारा गप्प. गड्यांनी ही गोष्ट पहिल्यांदाच पाहिली होती, त्यामुळे हसायचं की टोपी काढायची हे कुणाला कळेना. पलीकडे नालबंद भट्टीवर नाल घडवत होता, त्याचा घण तेवढा वाजत राहिला.

बाईंनी त्याच्याकडे बोट केलं. "त्याने तुम्हाला एक सांडशी करून दिली, तर तुम्ही तिने विस्तव उचलाल. पण ती झिजली, मोडली, की संपलं. नवी करता येईल तुम्हाला?"

"मी काय नालबंद आहे?"

"नाही ना? सीरम तसंच. त्या पांढऱ्या घोडीने विष धरायच्या सांडश्या स्वतःच्या अंगात घडवल्या, त्या तयार तुम्हाला दिल्या. विष त्यांनी धरलं, तुम्ही वाचलात. काही आठवड्यांत त्या संपल्या. पण घडवायची भट्टी घोडीच्या अंगात होती. तुमच्या अंगात ती कधी पेटलीच नाही, कारण लस घ्यायला तुम्ही गेलाच नाहीत. लशीत तेच विष असतं, नांगी मोडलेलं. ते इजा करत नाही, पण अंगाला दाखवतं, की हा बघ, चोर असा दिसतो. मग अंग आपली भट्टी आपण पेटवतं आणि सांडशीचा साचा जपून ठेवतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी घोडीच्या जिवावर नव्हते?"

"नाही."

"माझ्या स्वतःच्या जिवावर होते?" खराराची मान पुन्हा ताठ व्हायला लागली.

"नशिबाच्या जिवावर होता, मावशी. तबेल्यात रोज अनवाणी फिरून."

मान अर्ध्यावर थांबली. पण खरारा ती खरारा. तिने दुसरी वाट काढली. "ठीक आहे. संपलं असेल, तर पुन्हा भरा. बाटल्या काय कमी आहेत? या वेळी चिमणीचं द्या. मला लस नको, माझ्या घोडीचं सीरम द्या."

ही चूक तबेल्यातल्या माणसालाच सुचावी. बाहेरच्याला सीरम आणि लस दोन्ही सारखीच, एक सुई आणि एक बाटली. खराराला फरक कळत होता, आणि तिला नेमकं घोडीचंच हवं होतं.

बाईंनी निकालाचा कागद मिटला. पुढचं बोलायला त्यांना जड गेलं असावं. "ते तर मुळीच देता येणार नाही. एकदा घोड्याचं सीरम घेतलेल्या माणसाला पुन्हा देताना आम्हाला फार जपावं लागतं. विषावरचा उतारा संपतो, पण सीरममध्ये घोड्याचे स्वतःचे अंशही असतात. ते आपले नाहीत, हे माणसाचं अंग कधीकधी लक्षात ठेवतं. पुन्हा आले की त्यांच्यावरच तुटून पडतं. श्वास कोंडतो. जीवही जाऊ शकतो."

"कुणावर तुटून पडतं?"

"घोडीवर."

"माझं अंग?"

"तुमचंच असं नाही, कुणाचंही. पण हो, त्या सगळ्यातून तुमच्या अंगाने काही लक्षात ठेवलं असलं, तर तेवढंच असेल. घोडी परकी आहे, एवढंच."

खराराने चिमणीच्या मानेवर हात ठेवला होता, तो काढून घेतला. लगेच परत ठेवला. मग म्हणाली, "आज माझी वेळ संपली," आणि भर दुपारी तबेल्यातून चालती झाली. तिची वेळ संपायला अजून अर्धा दिवस होता.

घरी नवरा कुणाचंतरी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता. तिने पिशवी फेकली, पाणी प्याली, भांडं आपटलं. त्याने भिंग काढलं नाही.

"ऐकलंत का? माझं अंग माझ्या घोडीला परकं समजतं."

"हं."

"हं काय? ज्या घोडीने मला वाचवलं, तिची आठवण म्हणून अंगाने काय ठेवलं, तर वैर! असलं कृतघ्न अंग घेऊन मी इतकी वर्षं फिरतेय!"

"अगं, अंगाला काय कळतं? त्याला जे शिकवलं तेच ते शिकणार." मग तो हळूच म्हणाला, "मी तर घेतलीय लस."

खरारा गर्रकन वळली. "तुम्ही? कधी?"

"गल्लीत गाडी आली होती तेव्हा. तू पलीकडून चालली होतीस ना पिशवी हलवत? मी गाडीच्या मागच्या बाजूला होतो."

"मला न सांगता?"

"माझ्यात घोडी नाही ना," तो म्हणाला.

खराराने भांडं पुन्हा उचललं, पण आपटलं नाही. खाली बसली. "त्या मुकादमाला व्यापारी हवाच आहे. मी आत नसले तर चिमणी चौकट मोडणार, आणि तो तिला विकणार. टोचून घ्यायला मी भीत नाही हो. पण ते सगळे दात काढून उभे राहतील. आणि त्यातून ती परकी असल्याचं कळल्यावर कुठल्या तोंडाने उभी राहू तिच्यापाशी?"

नवऱ्याने शेवटी भिंग काढलं. "तुझ्या आईला मी पहिल्या दिवसापासून परका वाटतो. अजून वाटतो. म्हणून मी घर सोडून गेलो का?"

खरारा हसली. आम्ही भिंतीपलीकडे होतो, आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. तशा या घरांच्या भिंती पातळच आहेत.

दुसऱ्या दिवशी ती तबेल्यात आली, ती डोक्याला पदर घट्ट खोचून. चौकटीचा आडवा दांडा तिने स्वतः उचलला, आत जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "कोण आहे रे तिकडे? बोलवा त्या सुईवालीला!"

कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स आली आणि दारातच अडली. "मी घोड्यांच्या चौकटीत इंजेक्शन देत नाही. दवाखान्यात चला."

"मी चौकटीत घेईन म्हणाले होते. दुसरीकडे घेत नाही. तू मला ओढून नेतेस का? बघ, जमतंय का."

नर्सने तिचा आकार पाहिला आणि तबेल्यात आली. जागा धुऊन घेतली, पुसून घेतली, बाही वर केली. मुकादम पुढे आला. "मावशी, कानाशी मी उभा राहू का? बिचकशील."

"उभा राहा. लाथ मारायला कुणीतरी लागतंच."

सुई गेली आणि आली. खरारा दांडा उचलून बाहेर पडली, पण दांडा तिने परत लावला नाही. कमरेवर हात ठेवून गड्यांकडे वळली. "हं, या. 'मावशी घेईल तर आम्ही घेऊ.' मावशीने घेतली. आता घोडं कुठे पेंड खातंय?"

कुणी हलेना. एकाला अचानक चंदी भिजवायची आठवण झाली. खराराने त्याची कॉलर धरली. "आधी तू. माझ्या पदराआड इतके दिवस लपलास, त्याचं भाडं दे." मिशीवाले, दंडवाले, सगळे एकेक करून त्या चौकटीत गेले. सगळ्यांत मोठा आवाज मुकादमाने केला.

खराराला वाटलं, जिंकली. बाही सोडून ती चिमणीच्या ठाणाकडे वळली, तर डॉक्टरीणबाई आडव्या उभ्या.

"अजून नाही, मावशी. नवा महिना लागलाय; दुसरा डोस होऊन थोडे दिवस जाईपर्यंत तुम्ही नाही, हे गडीही नाहीत. तोवर बाटल्या."

मग खराराचा जो पट्टा सुटला, तो कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेला. टोचून घेतलं, शब्द पाळला, आता आणखी काय माझी आयाळ कापून देऊ? आणि असंच बरंच. बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "चिमणी नवी आली होती, तिला पहिल्यांदा टोचलं, तेव्हा लगेच रक्त काढलंत का?"

"लगेच कसं काढणार? पहिल्या टोचणीला तिचं अंग जेमतेम जागं झालं. दुसऱ्या टोचणीनंतर खरा जोर चढला. आणि मध्ये तिला विश्रांती दिली होती, तेव्हा उतरला होता, पण नंतर एकदा टोचताच पहिल्यापेक्षा झपाट्याने वर! एकदा शिकलेलं ती..."

खरारा थांबली. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते तिच्या ध्यानात आलं.

"पुढे बोला ना," बाई म्हणाल्या.

"बाटल्यांची खोली कुठे आहे?" खरारा म्हणाली.

बाटल्या धुवायची खोली तबेल्याच्या मागच्या भिंतीला लागून. फरशी कायम ओली, वाफ, हौदात काचेचा किणकिणाट. तिथल्या बायकांनी खराराला फार प्रेमाने सामावून घेतलं; दुसऱ्या दिवशी दोघींनी रजेचा अर्ज दिला. दिवसभर खराराचे कान भिंतीपलीकडे. चिमणीवर नवा गडी नेमला होता, शर्यतीच्या घोड्यांतून आलेला, देखणा, गोड बोलणारा. "राणी, सोने, माझी बाहुली" असं काहीतरी त्याचं चालायचं. खरारा बाटली घासत म्हणायची, "बाहुली? बाहुली म्हणे! आता चावेल." आणि पलीकडून त्याची किंकाळी यायची.

अशात रक्त काढायचा दिवस उगवला. कारखान्याला माल घाईने हवा होता आणि चिमणीच्या रक्तावर भिस्त होती. मुकादमाने मोठ्या साहेबांच्या कानात आधीच भरून ठेवलं होतं, आणि साहेबांनी सांगून टाकलं होतं, की घोडी आज उभी राहिली नाही तर विकायची. व्यापारीही बोलावून ठेवलेला. तो अंगणात उभा राहून चिमणीचे दात लांबूनच बघत होता. जवळून बघायची त्याची छाती नव्हती.

खोलीत खराराला खुरांचा पहिला दणका ऐकू आला. मग लाकडाचा. मग नव्या गड्याचं "राणी, राणी गं!" आणि धप्प असा आवाज, म्हणजे राणीने त्याला भिंतीशी नेलं. खराराच्या हातातली बाटली हौदात गेली. ती दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबली.

तेवढ्यात साहेबच धापा टाकत आले. "मावशी, चल, चल लवकर. आत ये."

"माझा दुसरा डोस व्हायचाय, साहेब."

"अगं, पाच मिनिटांचं काम! कोण बघतंय? नियम काय, आपणच केलेला आहे ना?"

त्यांच्या मागून डॉक्टरीणबाई आल्या. तोंड आवळलेलं. साहेबांपुढे त्यांचं काही चालणार नव्हतं, हे खराराला दिसत होतं. पलीकडे पुन्हा लाकूड कडाडलं. एक पाऊल टाकलं असतं, तर घोडी वाचत होती. साहेबांना बघून मुकादमाने तर बाहेरूनच तबेल्याच्या दाराचा अडसरही काढून धरला.

"मी येणार नाही," खरारा म्हणाली.

साहेबांना वाटलं, ही रुसली. "बरं, मी माफी मागतो, मग तर झालं?"

"माफी ठेवा तुमच्यापाशी. शून्य निघालं म्हणून मला बाटल्या धुवायला बसवलंत, मी बसले. सगळ्यांच्या दंडात सुया घातल्यात, मी घालायला लावल्या. आणि आज तुमचं अडलं, तर लिदीतले जंतू काय सुट्टीवर गेले? माझं अंग आत्ता कुठे शिकतंय. त्याला शिकू द्या. तो नियम मला मान्य नव्हता तेव्हा मी मोडला नाही, रक्त काढून भांडले. आता मान्य आहे, तर तुमच्यासाठी मोडू? बाजूला व्हा."

साहेबांना हाताने बाजूला सारून ती बाहेर पडली आणि तबेल्याच्या दाराकडे न जाता भिंतीला वळसा घालून मागे गेली. तिथे भिंतीत उंच एक जाळीची खिडकी आहे, नेमकी चौकटीच्या वर. खिडकीखाली बाटल्यांच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या होत्या. खरारा त्यांवर चढली; तिच्या वजनाची एकीलाही सवय नव्हती. डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि त्यांनी पेट्या दोन्ही हातांनी धरून ठेवल्या.

"ए भवाने!" खरारा जाळीला तोंड लावून गरजली. "काय चालवलंयस? लाज आहे का? एवढी दांडगी झालीस, सुईला घाबरतेस? मी घाबरले का?"

आतला दणदणाट थांबला. चिमणीचे कान उभे राहिले आणि तिने मान वळवून आवाज शोधला.

"इकडे काय बघतेस? समोर बघ. तुला विकायला माणूस आलाय, ऐकतेस का? त्याला रिकाम्या हाताने परत लावायचाय. पाय खाली. तो दुसराही. हं. ए बाहुलीवाल्या, तू गोड बोलणं बंद कर आधी. कानाच्या मागे हात ठेव. खाजव. राणीबिणी म्हणशील तर परत भिंतीला जाशील."

"मग काय म्हणू?" आतून रडवेला आवाज आला.

"काही म्हणू नकोस. बोलायचं काम माझं."

आणि ती बोलत राहिली. सुई शिरली, नळीतून रक्त पिशवीत उतरायला लागलं, आणि खिडकीतून शिव्यांचा, लाडाचा, गल्लीतल्या भानगडींचा ओघ चालू राहिला. दूधवाल्याचं माप, तिच्या आईचा जावयावरचा राग, मुकादमाने सुईला किती मोठ्याने बोंब मारली ते. चिमणी एका मागच्या पायावर भार देऊन, डोळे अर्धे मिटून ऐकत उभी. पिशवी भरली, जखमेवर बोळा दाबला, तरी ती हलायला तयार नव्हती.

साहेबांनी व्यापाऱ्याला सांगितलं, "घोडी विकायची नाही." मुकादम काहीतरी बोलायला गेला, तेव्हा ते म्हणाले, "आणि तू त्या बाईच्या तोंडी लागू नकोस. पुढच्या वेळी तुझं नाव घेईल खिडकीतून."

पेटीवरून उतरताना खराराने डॉक्टरीणबाईंच्या खांद्याचा आधार घेतला. त्या काडीसारख्या बाई जेमतेम टिकल्या.

"दुसरा डोस कधी आहे म्हणालात?"

"पुढच्या आठवड्यात."

"त्या आधी त्या बाहुलीवाल्याला खरारा कसा करायचा ते तुम्ही तरी सांगा. पोटाखाली हातच घालत नाही मेला." आणि ती ओल्या फरशीच्या खोलीकडे निघाली, हौदात पडलेली बाटली फुटली नसेल, तर ती धुवायची राहिली होती.